काळूचे आजारपण आणि एका बालरोगतज्ज्ञेची उजळणी

स्मरणिकेसाठी लेख मागणारा आपल्या सचिवांचा दूरध्वनी आला, तेव्हा 'या वर्षी तरी कुपोषण नको, जंत नकोत, काही वेगळे लिहा' अशी प्रेमळ ताकीदच त्यांनी दिली. गेली अनेक वर्षे मी या पानांतून लसीकरण, स्तनपान आणि रक्तक्षय या विषयांवर नेमाने लिहीत आले आहे. ते लेख मुद्रितशोधक आणि मी, असे दोघेच वाचत असावेत, असा माझा जुना संशय आहे. म्हणून या वेळी रुग्ण निराळा निवडला आहे. नाव काळू, वय सहा वर्षे, वजन १८ किलो, राहणार जैनथ, जात गावठी. त्याच्या आजारपणात मी वैद्यक म्हणून काय केले, त्याहून पालक म्हणून काय काय करून बसले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपल्यापैकी बहुतेकांना जैनथ ठाऊक आहे. आदिलाबादपासून वीसेक किलोमीटर. लक्ष्मीनारायणाचे पुरातन दगडी मंदिर, परमार जगद्देवाच्या काळातला शिलालेख, भोवताली कापूस आणि सोयाबीन, आणि उत्तरेला पैनगंगा. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि बाजारात दोन्ही, असा आपला सर्वांचाच संसार. सासरचे जुने घर तेथे आहे. मामंजी गेल्यानंतर सासूबाईंनी आदिलाबादला येऊन राहावे म्हणून आम्ही फार विनवण्या केल्या. पण 'घराला कुलूप लावाले मी जित्ती हाय तवर नाई' हे त्यांचे उत्तर ठरलेले. त्या घरात त्यांच्या सोबतीला कोण, तर हा काळू. मामंजींनीच तो पिलू असताना शेतातून उचलून आणला होता. सासूबाई जेवायला बसल्या की तो उंबऱ्याबाहेर बसतो आणि त्या उठल्याशिवाय उठत नाही. त्यांच्या एकटेपणावर माझ्याजवळ कोणतेही औषध नव्हते, काळूजवळ होते. म्हणून त्याचे आजारपण हे आमच्या घरात केवळ कुत्र्याचे आजारपण नव्हते.

गेल्या वर्षीच्या पोळ्याला आम्ही जैनथला गेलो. बैल सजले, मिरवले, पुरणपोळ्या झाल्या. काळूने मात्र पुरणपोळीला तोंड लावले नाही. 'दोन दिसांपासून खातच नाई वं बाई,' सासूबाई म्हणाल्या. मी बॅगेतला तापमापक काढला, लहान बाळांचा घेतो तसा त्याचा ताप मोजला. १०२.२ फॅरनहाइट. पंचवीस-तीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप बॅगेतल्या आयबुप्रोफेनच्या बाटलीकडे गेला. वजन १८ किलो, म्हणजे साधारण पाच वर्षांच्या मुलाएवढे. मात्रा तर मला झोपेतही सांगता येते.

हैदराबादला संगणक क्षेत्रात नोकरी करणारी आमची कन्या त्या वेळी दूरध्वनीवर होती. तिने विचारले, 'आई, कुत्र्याचा नॉर्मल ताप किती असतो?' मी गप्प. खरोखरच मला ठाऊक नव्हते. 'मग आधी विचार तरी,' असे म्हणून तिने माझ्या मोबाइलवर पूर्वीच घालून ठेवलेल्या, प्रश्नांना संभाषणातून उत्तरे देणाऱ्या त्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाची आठवण करून दिली. साधनाचे नाव मुद्दाम लिहीत नाही; आज एक आहे, उद्या दुसरे येईल.

उत्तर काही क्षणांत आले. कुत्र्याचे प्राकृत तापमानच सुमारे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते; म्हणजे मी ज्याला ताप समजत होते तो ताप नव्हताच. आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला देऊ नये; त्याने जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. बाटली मी परत बॅगेत ठेवली. ते औषध त्या संध्याकाळी दिले असते तर पुढे काय झाले असते, याचा विचार आजही मनाला चाटून जातो. कारण ज्या रक्तात प्लेटलेट्स आधीच कमी होत होत्या, त्याच रक्तात मी आणखी एक अडथळा घालणार होते.

आपण बालरोगतज्ज्ञ मंडळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पहिले वाक्य कोणते शिकवतो? 'मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे.' क्लोरॅम्फेनिकॉलने नवजात अर्भके राखाडी पडून दगावली आणि १९५९ मध्ये त्याचे कारण उमगले, ही गोष्ट मी कित्येकदा वर्गात रंगवून सांगितली आहे. अर्भकाच्या यकृताला ग्लुकुरोनिडेशनची क्रिया पुरेशी जमत नाही, म्हणून प्रौढाचे औषध त्याला विष ठरते. मांजराच्या यकृतात हीच क्रिया जन्मभर अपुरी असते आणि म्हणून पॅरासिटामॉलची एखादी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, हे मला पन्नाशी उलटल्यावर, सासरच्या ओसरीवर बसून कळले. जो नियम मी जन्मभर शिकवला, तोच एक प्राणी पलीकडे गेल्यावर मी विसरले.

एवढ्यावर निभावले असते तर हा लेख लिहिला नसता. 'ताप नाही' या उत्तराने मी निर्धास्त झाले. साधनाने पुढे विचारले होते : खाणे किती दिवसांपासून बंद आहे, अंगावर गोचीड आहेत का, हिरड्यांचा रंग कसा आहे? मी ते वाचलेही नाही. बाह्यरुग्ण विभागात 'बाकी काही नाही ना?' असे विचारून उत्तर येण्यापूर्वीच चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या संध्याकाळी मी त्यांच्यापैकीच एक होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून पावसाने ठाण मांडले. रात्री दहाच्या सुमारास सासूबाईंनी हाक मारली. ओसरीच्या फरशीवर रक्ताचे थेंब होते आणि काळूच्या डाव्या नाकपुडीतून रक्त येत होते. धार नव्हती, पण थांबतही नव्हते. यजमानांनी गाडी काढली आणि अर्ध्या तासाने परत आणली. रस्त्यावरच्या नाल्याला पूर होता. 'तू लेकरायची डॉक्टर ना वं बाई?' सासूबाई म्हणाल्या, 'मंग हे का कोनाचं लेकरू नोहे?' या प्रश्नाला कोणत्याही पाठ्यपुस्तकात उत्तर नाही.

मी पुन्हा मोबाइल हाती घेतला आणि या खेपेस डॉक्टरच्या थाटात, शुद्ध वैद्यकीय इंग्रजीत लिहिले : सहा वर्षांचा नर कुत्रा, नाकातून रक्तस्राव, दोन-तीन दिवसांची अन्नावरची वासना गेलेली, प्लेटलेट्स कमी झाल्याचा संशय, बहुधा गोचिडांमुळे होणारा संसर्ग, आपले मत? उत्तर भरघोस आले. होय, आपला अंदाज योग्य दिशेने आहे, एर्लिकिया नावाच्या जंतूची शक्यता मोठी आहे, असे सांगून त्यासंबंधी चार परिच्छेद. मला बरे वाटले. आपले मत दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याइतके सुखद काही नसते.

कन्येला मात्र ते पटले नाही. तिने आजीला दूरध्वनीवर घेतले आणि आजी जे बोलेल ते जसेच्या तसे तिकडून आपल्या संगणकावर टंकले. आजीचे बोलणे काही निदानाचे नव्हते. कुत्रं खात नाही, पडून राहते, नाकातून रक्त येते, मागच्या अंगणात कापसाचे गोदाम आहे, तेथे ते रात्री झोपते. बस. त्या साध्या मराठी वर्णनावर साधनाने सर्वप्रथम दोन प्रश्न विचारले. पहिला : कुत्र्याला रेबीजची लस दिलेली आहे का, वागणुकीत किंवा गिळण्यात काही बदल आहे का? तसे असल्यास तोंडात हात घालू नका. दुसरा : गोदामात उंदरांचे औषध ठेवलेले आहे का?

या दोन्ही प्रश्नांनी मी चपापले. उंदीर मारण्याच्या आधुनिक वड्यांमध्ये रक्त गोठण्याची क्रिया रोखणारे ब्रोमॅडिओलोन असते. ते पोटात गेल्यावर लगेच काही दिसत नाही. तीन ते पाच दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो. म्हणजे चौकशी आजची नव्हे, गेल्या आठवड्याची करायला हवी. हे सारे मला तत्त्वतः माहीत होते; उंदराचे औषध खाल्लेली मुले मी पाहिलेली आहेत. पण मी स्वतःच प्रश्नात उत्तर घालून दिले होते, आणि यंत्राने एखाद्या आज्ञाधारक कनिष्ठ निवासी डॉक्टरप्रमाणे माझ्या मागे मान डोलावली होती. रुग्णाच्या तोंडी उत्तर घालू नये, हा इतिहास घेण्याचा प्राथमिक नियम. तो यंत्रालाही लागू पडतो, हे मला त्या रात्री उमगले. सासूबाईंनी निदान सांगितले नाही, फक्त जे दिसले ते सांगितले, म्हणून त्यांना अधिक चांगला सल्ला मिळाला.

सालदाराला उठवले. विजेरी घेऊन आम्ही तिघे भर पावसात गोदामात गेलो. पोळ्यापूर्वी त्याने वड्या ठेवल्या होत्या, त्या वरच्या फळीवर, मोजून सहा. सहाही जागच्या जागी होत्या. विषाची शक्यता त्यामुळे संपली नाही, कारण शेजारच्या घरी काय ठेवले असेल ते कोण जाणे. पण कमी झाली.

रेबीजच्या प्रश्नाने तर मला शरमच आणली. रेबीजचे बहुतेक सर्व मानवी बळी कुत्र्याच्या चाव्यामुळे जातात आणि चावल्या गेलेल्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्के असते, हे आकडे मी शाळाशाळांतून सांगत हिंडते. लसीकरणाचे कार्ड न आणणाऱ्या मातांना रागावते. काळूचे कार्ड सासूबाईंनी देवघरातल्या पोथीच्या पिशवीतून काढून दिले. शेवटची नोंद १४ महिन्यांपूर्वीची. वार्षिक मात्रा चुकली होती, आणि ती देण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतलेली होती. सुदैवाने त्याला कोणी चावलेले नव्हते, तो पाणी पीत होता, ओळखत होता, शेपटी हलवत होता. तरीही त्यापुढे मी हातमोजे घातले.

मग हिरड्या. साधनाने सांगितले, ओठ वर करून हिरडीचा रंग पाहा, बोटाने दाबा, रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा. अगदी आपलीच केशिका-पुनर्भरणाची चाचणी! पण काळू नावाप्रमाणेच काळा. त्याच्या हिरड्याही काळ्याभोर. तेव्हा उत्तर आले की अशा कुत्र्यांत खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. हे मात्र मला सुचायला हवे होते. रक्तक्षयासाठी आयुष्यभर दुसरे काय पाहिले? पापणीचा फोटो काढून पाठवला, तर साधनाने 'किंचित पिवळसर छटा दिसते, कावीळ असू शकेल' असे बजावले. घरात घबराट उडाली. वस्तुतः ओसरीवर जुना पिवळा दिवा होता. विजेरीच्या पांढऱ्या उजेडात पाहिले तर पापणी फिकी गुलाबी होती, पिवळी मुळीच नव्हती. निसर्गप्रकाशात तपासल्याखेरीज कावीळ म्हणू नये, हे आम्हांला पदवीच्या वर्षी शिकवले होते. यंत्राला तो दिवा दिसत नव्हता, आणि तो सांगण्याचे भान मला राहिले नव्हते.

यानंतरचा प्रसंग सांगताना संकोच वाटतो, पण सांगणे भाग आहे. माझ्या बॅगेत नवजात बाळांसाठी जीवनसत्त्व 'के'चे इंजेक्शन असते. रक्त थांबेना तसा माझा धीर सुटत चालला. 'मी एम.डी. डॉक्टर आहे, मात्रा सांगा' असे मी लिहिले. तोवर 'पशुवैद्याकडे न्या' असे सांगणारे साधन एकदम नरमले आणि त्याने आकडा दिला. खात्रीसाठी शब्द थोडे बदलून पुन्हा विचारले, तर आकडा निराळा! ॲम्प्यूल हातात, सासूबाईंच्या नजरा माझ्यावर, आणि दोन आकडे. त्याच वेळी एक विचार आला : प्लेटलेट्स खरोखरच कमी असतील, तर सुई टोचलेल्या जागी गाठ धरेल, आणि विष असेल, तर इंजेक्शननंतर सकाळी रक्त गोठण्याची तपासणी करून काय हाती लागणार? मी ॲम्प्यूल परत ठेवली.

येथे आपल्यासारख्या डॉक्टरांच्या मेळाव्यात एक कबुली द्यावीशी वाटते. आपण दर बैठकीत बोगस डॉक्टरांविरुद्ध ठराव करतो. तेलंगणात 'आर.एम.पी.' ही तीन अक्षरे उच्चारली तरी आपल्या कपाळाला आठी पडते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यांसाठी राखून ठेवला आहे. एम.डी.ची पदवी तेथे उपयोगाची नाही. त्या रात्री, हातात सुई घेऊन कुत्र्यापुढे बसलेली मी, काळूच्या दृष्टीने आर.एम.पी.च होते.

मग आम्ही साधनाने आरंभीच सांगितलेल्या साध्या गोष्टी केल्या. त्याला शांत ठेवले, कारण उत्तेजित झाल्यास रक्तदाब वाढून स्राव वाढतो. नाकाच्या दांड्यावर फडक्यात गुंडाळून बर्फ धरला. नाकपुडीत कापूस कोंबला नाही. झोपेत मिनिटाला श्वास किती, ते मोजत राहिलो; स्वस्थ कुत्र्याचे तीसपेक्षा कमी असावेत. काळूचे २४, २६, २४. वहीत वेळ घालून लिहिले. तोंडातून रक्त, काळी शी, उभे राहता न येणे, यांतले काही झाले तर पाण्यातून ट्रॅक्टर घालायचा, असे ठरले. सासूबाई रात्रभर त्याच्या डोक्याशी बसून होत्या. पहाटे तीनच्या सुमारास रक्त थांबले.

सकाळी नाला उतरताच आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. वयाने माझ्या निम्मेच असतील. त्यांनी माझे टिपण शांतपणे वाचले, आणि त्या वहीचे कौतुकही केले. मग त्यांनी काळूच्या कानाची पाळी उलटली आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात पाहिले. गोचीड! एक नव्हे, सात-आठ. रात्रभर मी त्याच्या तोंडाचे, नाकाचे, पापणीचे दहा-बारा फोटो काढले होते. पायाच्या बेचक्यात पाहण्याचे मला सुचले नव्हते, आणि 'गोचीड आहेत का?' या प्रश्नाला पाठीवरून हात फिरवून मी 'नाहीत' असे उत्तर दिले होते. पुढचा सारा विचार त्या 'नाहीत'वर चालला होता. पशुवैद्यांनी पोट चाचपले. प्लीहा हाताला लागत होती. त्या वेळचा ताप १०४.६.

रक्ताची काचपट्टी आदिलाबादला आपल्याच एका विकृतिशास्त्रज्ञ मित्रांनी पाहिली. मोजणीयंत्रात घालू नका, हे यंत्र माणसाच्या पेशींसाठी जुळवलेले असते, असे त्यांनीच सांगितले आणि डोळ्यांनी मोजले. प्रत्येक दृश्यक्षेत्रात दोन-तीन प्लेटलेट्स; म्हणजे अंदाजे चाळीस हजार. पशुवैद्यांनी एर्लिकियाच्या संशयावर डॉक्सिसायक्लिन सुरू केले, २८ दिवसांसाठी. हे नाव ऐकून जुना मित्र भेटल्यासारखे वाटले. आठ वर्षांखालील मुलांना दातांच्या भीतीने हे औषध आपण कित्येक वर्षे नाकारले. रिकेट्सियाच्या तापात मात्र ते जीव वाचवते म्हणून वापरू लागलो. एर्लिकिया त्याच कुळातला. गोळी अन्नाबरोबर द्या, पण दुधातून नको, आणि नंतर पाणी पाजा, अशी सूचना होती. सासूबाईंनी ज्वारीच्या भाकरीच्या तूप लावलेल्या तुकड्यात ती बेमालूम दडवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळूने अर्धी भाकरी मागून खाल्ली.

या अनुभवानंतर मी थोडे वाचन केले. वैद्यकातली संगणकीय निदानाची कल्पना आजची नाही. १९७२ मध्ये इंग्लंडातील लीड्स येथे डी डोम्बाल यांनी पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर संगणक आणि ज्येष्ठ डॉक्टर यांची तुलना केली. संगणकाचे निदान ९१.८ टक्के बरोबर, ज्येष्ठांचे ७९.६ टक्के. पण तेथे संगणकाला जी लक्षणे पुरवली गेली ती हात लावून, काळजीपूर्वक तपासून, ठरलेल्या नमुन्यात लिहिलेली होती. तोच मुद्दा जैनथच्या ओसरीवर मला पुन्हा भेटला.

प्राण्यांच्या बाबतीत जगभर गाजलेले उदाहरण मार्च २०२३ चे. एका बॉर्डर कोली जातीच्या कुत्रीला गोचिडांपासून होणारा बबेसिया झाला. उपचाराने थोडे बरे वाटून पुन्हा रक्तक्षय वाढू लागला, आणि 'थांबून पाहू' असा सल्ला मिळाला. मालकाने सर्व रक्ततपासण्यांचे आकडे त्याच महिन्यात आलेल्या जीपीटी-४ पुढे ठेवले. त्याने सुचवलेल्या शक्यतांत एक होती, शरीराने स्वतःच्याच तांबड्या पेशी नष्ट करण्याची. मालक ती शक्यता घेऊन दुसऱ्या पशुवैद्याकडे गेला, त्यांनी तपासून तिला दुजोरा दिला, आणि कुत्री बरी झाली. ही गोष्ट लोक यंत्राचा विजय म्हणून सांगतात. मला त्यात भावले ते इतकेच की मालकाने घरी औषध दिले नाही; तो एक चांगला प्रश्न घेऊन डॉक्टरकडे गेला.

आणखी एक गंमत. न बोलणाऱ्या रुग्णाची वेदना कशी मोजावी, हा आपल्या शाखेचा जुना प्रश्न. त्यासाठी १९९७ पासून आपण चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होणे या पाच गोष्टींना गुण देणारी 'फ्लॅक' मोजपट्टी वापरतो. २०१९ मध्ये मॉन्ट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यांनी मांजराच्या चेहऱ्यासाठी तशीच मोजपट्टी प्रसिद्ध केली : कानांची ठेवण, डोळ्यांचे आकुंचन, मिशांचा ताण इत्यादी. आता मोबाइलवरच्या फोटोवरून ती मोजणारी साधने निघाली आहेत. पाळण्यातले बाळ आणि खुराड्याशेजारचे मांजर एकाच पद्धतीने वाचता येते, याचे मला नवल वाटते आणि आनंदही होतो.

काळूमुळे माझ्या दवाखान्यात मात्र एक बदल झाला. पूर्वी कुणी पालक मोबाइल पुढे करून 'यात असं लिहिलंय' म्हणाले की माझे उत्तर ठरलेले असे : 'मग त्यालाच फी द्या!' आता मी म्हणते, 'उत्तर राहू द्या, तुम्ही त्याला विचारलं काय, ते दाखवा.' मध्यंतरी एक तरुण आई ताप आलेले दोन वर्षांचे मूल घेऊन आली. साधा विषाणूचा ताप, मूल खेळत होते. तिचा मोबाइल पाहिला तर रात्री पावणेदोन वाजता तिने तेलुगूत बोलून विचारलेला प्रश्न होता : 'झटका आला तर मेंदू खराब होतो का?' माझ्यापुढे बसून तिने झटक्याचा शब्दही काढला नव्हता. विचारल्यावर कळले, तिच्या धाकट्या भावाला लहानपणी तापात झटके आले होते, आणि घरात त्याविषयी बोलायचे नाही असा दंडक होता. कुळवृत्तान्तातली ती ओळ मी घेतलेल्या इतिहासात कधीच आली नसती. तिला मी पंधरा मिनिटे दिली. चिठ्ठीवर औषध एकच होते, पॅरासिटामॉल.

काळूचे २८ दिवस पूर्ण झाले. पुन्हा काचपट्टी पाहिली, प्लेटलेट्स भरून आल्या होत्या. पशुवैद्यांनी बजावले की खरे काम पुढेच आहे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्यावर नव्हे, भिंतींच्या भेगांत काढते. तेव्हा सालदाराने ओसरीच्या आणि गोदामाच्या भेगा लिंपल्या, गोणपाटे जाळली. फवारणीचे औषध कोणते आणि किती, हे साधनाला न विचारता पशुवैद्यांकडूनच लिहून घेतले. कापसावरच्या फवारणीने २०१७ मध्ये नदीपलीकडे यवतमाळात शेतकऱ्यांचे जीव गेले, ते या भागात कोणी विसरलेले नाही. रेबीजची राहिलेली मात्रा त्यांनी काळू सावरल्यावर दिली. शेजारच्या दोन घरचे कुत्रेही त्याच दिवशी सोबत नेले.

पुढच्या मात्रेची तारीख सासूबाईंनी स्वतःच्या हाताने 'कालनिर्णय'वर लिहून ठेवली आहे, एकादशीच्या खाली. परवा त्यांचा दूरध्वनी आला, काळूने डाव्या कानाला पंजा मारायला सुरुवात केली आहे म्हणून. मी मोबाइलला विचारू का, असे म्हणताच त्या म्हणाल्या, 'पह्यले कान तं पाह्य!' रविवारी जैनथला जाऊन कान पाहणार आहे.